सहाचा कार्यक्रम आपल्या सवडीनं

मागच्या वेळी आपण गटाची वही कशी लिहायची ते बोललो होतो. आज टीव्हीविषयी बोलायचंय. टीव्ही बघण्याविषयी नाही, तर टीव्हीवरचा कार्यक्रम टेप करून ठेवण्याविषयी. बचत गटाच्या बाईनं हे काय नवीन काढलं, असं म्हणाल. पण हा विषय माझ्या मनात आला तो दोन मेलेल्या शेळ्यांमुळे.

आमच्या गटातल्या एका ताईंनी कर्ज काढून चार उस्मानाबादी शेळ्या घेतल्या. उन्हाळा संपत आला होता आणि टीव्हीवर शेळीपालनाचा कार्यक्रम लागला, संध्याकाळी सहा वाजता. आता बाईच्या घरात सहाची वेळ कसली असते, ते तुम्हाला मी काय सांगू? धार काढायची, डेअरीत दूध घालायचं, कणीक-पिठाला हात घालायचा. ताई भाकरी थापता थापता ऐकत होत्या. पावसाळ्याआधी शेळ्यांना आंत्रविषाराची लस टोचून घ्या, एवढं त्यांच्या कानावर पडलं. तेवढ्यात दुधाच्या गाडीचा भोंगा वाजला. त्या किटली घेऊन पळाल्या. परत आल्या तेव्हा बातम्या सुरू झाल्या होत्या.

ऐकलं तसं त्यांनी केलं. चारही शेळ्यांना लस टोचून आणली. पण ही लस पहिल्यांदा देताना साधारण १४ दिवसांनी दुसरा डोस द्यावा लागतो. हे वाक्य भोंग्यात गेलं. पहिला पाऊस झाला, कोवळं गवत फुटलं, शेळ्यांनी पोटभर खाल्लं आणि दोन दिवसांत दोन शेळ्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, आंत्रविषारच. कर्जाचे हप्ते मात्र चारही शेळ्यांचे भरावे लागले.

पुढच्या बैठकीत हा विषय निघाला. एक जण म्हणाली, "दुसऱ्या डोसाचं सांगितलं होतं की, मी ऐकलंय." दुसरी म्हणाली, "छे, तसं काही नव्हतं." तिसरी म्हणाली, "महिन्यानं द्या म्हणाले होते." तिघींनी एकच कार्यक्रम ऐकला होता आणि तिघींच्या हाती तीन गोष्टी लागल्या होत्या. खरं काय ते दाखवायला कोणाजवळ काही नव्हतं. कागद असता तर वाचला असता. टीव्हीवरचं बोलणं मात्र हवेत विरून गेलं होतं.

त्या दिवशी आम्ही ठरवलं की कामाचा कार्यक्रम धरून ठेवायचा. तो कसा, ते आज सांगते.

कार्यक्रम येतो कुठून?

आधी थोडं समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. घरावर जी छत्री असते, ती उपग्रहाकडून कार्यक्रम घेते. हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. पृथ्वी ज्या वेगानं फिरते त्याच वेगानं तो फिरतो, म्हणून आपल्याला तो आकाशात एका जागी थांबल्यासारखा असतो. त्यामुळे छत्री एकदा नीट बसवली की हलवावी लागत नाही. दूरदर्शनच्या फ्री डिशचा उपग्रह आपल्याकडून आग्नेयेला आहे, म्हणून ती छत्री पूर्व आणि दक्षिण यांच्या मधल्या दिशेला तोंड करून असते. फ्री डिश डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तिला महिन्याचं भाडं नाही. आपली मराठी सह्याद्री वाहिनी तिच्यावर दिसते. २६ मे २०१५ ला सुरू झालेली डीडी किसान ही शेतीची वाहिनीही तिच्यावर आहे.

छत्रीतून वायर खाली येते ती बॉक्समध्ये. उपग्रहाकडून चित्र आणि आवाज सरळ येत नाहीत, आकड्यांच्या रूपात येतात. म्हणूनच त्याला डिजिटल म्हणतात. बॉक्स ते आकडे उलगडतो आणि टीव्हीला चित्र दाखवायला लावतो.

आता टेप करणं म्हणजे काय? आपल्या लहानपणी टेपरेकॉर्डर होता. कॅसेटमधल्या तपकिरी फितीवर आवाज उमटायचा. एका कॅसेटवरून दुसरी केली की आवाज जरा बसायचा, तिसरी केली की खरखर वाढायची. डिजिटलमध्ये फीत नसते. उपग्रहाकडून आलेले आकडेच जसेच्या तसे पेन ड्राइव्हवर लिहिले जातात. म्हणून दहावी नकलसुद्धा पहिलीसारखीच निघते. फीत गेली तरी आपल्या तोंडात 'टेप करणं' हाच शब्द आहे. मीही तोच वापरते.

तुमच्या बॉक्सला टेप करता येतं का?

बॉक्सच्या मागे किंवा पुढे बघा. पेन ड्राइव्ह बसेल अशी चपटी चौकोनी खाच आहे का? मोबाइलच्या चार्जरला वायर जिथे खुपसतो तशीच असते. तिला यूएसबी म्हणतात. खाच असेल तर रिमोट हातात घ्या. आर, ई, सी अशी तीन इंग्रजी अक्षरं असलेलं बटण शोधा. बहुतेक वेळा त्यावर लाल ठिपका असतो. खाच आणि बटण दोन्ही असतील तर बहुधा तुमचं काम झालं.

बहुधा म्हणते, कारण सगळे बॉक्स सारखे नसतात. काही बॉक्सची खाच फक्त गाणी आणि सिनेमे लावून बघण्यापुरती असते, टेप करायची सोय तिच्यात नसते. महिन्याचे पैसे भरतो त्या कंपन्यांच्या बऱ्याच बॉक्सवर टेप केलेलं त्याच बॉक्सवर दिसतं, दुसरीकडे लावलं तर उघडत नाही. कंपनी त्याला कुलूप घालून ठेवते. म्हणून नवा बॉक्स घेताना दुकानदाराला दोन प्रश्न विचारा. याच्यावर रेकॉर्डिंग होतं का? आणि झालेलं रेकॉर्डिंग दुसऱ्या टीव्हीवर लागतं का? नुसतं 'हो ताई' म्हणून चालणार नाही. दुकानातच पाच मिनिटं टेप करून दाखवायला सांगा.

पेन ड्राइव्ह केवढा घ्यावा?

साध्या वाहिनीचा एक तासाचा कार्यक्रम साधारण एक ते दीड जीबी जागा खातो. म्हणजे ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर वीसेक तास मावतात. आपले कार्यक्रम अर्ध्या तासाचे, त्यामुळे चाळीसेक कार्यक्रम झाले. गटाला तेवढं भरपूर आहे.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. पेन ड्राइव्ह पहिल्यांदा लावला की बॉक्स कधीकधी विचारतो, 'फॉरमॅट करू का?' हो म्हटलं की त्यावरचं सगळं पुसलं जातं. आमच्या गावात एकीनं मुलीच्या लग्नाचे फोटो असलेला पेन ड्राइव्ह लावला आणि हो दाबलं. पुढचं सांगत नाही. गटासाठी कोरा, वेगळा पेन ड्राइव्ह घ्या. त्याला रंगीत दोरा बांधा, म्हणजे घरातल्या दुसऱ्या पेन ड्राइव्हमध्ये मिसळणार नाही.

टेप कसं करायचं?

कार्यक्रम लागला की पेन ड्राइव्ह खाचेत घाला. पडद्यावर तसा निरोप येईपर्यंत थांबा. मग लाल ठिपक्याचं बटण दाबा. पडद्याच्या कोपऱ्यात खूण दिसते आणि मिनिटं मोजली जातात. मिनिटं पुढे सरकतायत ना, ते बघा. कार्यक्रम संपला की चौकोनाचं, म्हणजे थांबण्याचं बटण दाबा. थांबवल्याशिवाय पेन ड्राइव्ह उपसू नका. लिहिता लिहिता वही ओढली तर शेवटची ओळ जशी बिघडते, तसं होतं. कधीकधी अख्खा कार्यक्रमच उघडत नाही.

पण बटण दाबायला सहा वाजता घरात हजर राहायचं असेल तर बाईचा काय फायदा? म्हणून टायमर शिकायचा. रिमोटवर मेन्यू दाबला की टायमर किंवा शेड्यूल असं काही दिसतं. त्यात वाहिनी, तारीख, सुरू होण्याची वेळ आणि संपण्याची वेळ भरायची. कार्यक्रम कधी पुढेमागे होतो, म्हणून पाच मिनिटं आधीपासून आणि दहा मिनिटं नंतरपर्यंत लावा.

टायमर लावताना आमची फजिती झाली ती सांगते. सगळं बरोबर भरलं होतं. सकाळी मोठ्या हौसेनं लावून बघितलं, तर शेतीच्या कार्यक्रमाच्या जागी रात्रीचा सिनेमा! कारण बॉक्समधलं घड्याळ साडेपाच तास मागे होतं. आपली भारतीय वेळ जगाच्या प्रमाणवेळेपेक्षा साडेपाच तास पुढे आहे. ती बॉक्समध्ये भरलेली नव्हती. त्याच्या घड्याळात सहा वाजले तेव्हा आपले रात्रीचे साडेअकरा झाले होते. म्हणून आधी मेन्यूमध्ये जाऊन वेळेच्या ठिकाणी 'अधिक ५:३०' आहे का ते बघा. भिंतीवरचं घड्याळ आणि बॉक्सचं घड्याळ जुळलं की मगच टायमर लावा.

टायमर लावल्यावर बॉक्स भिंतीवरच्या बटणापासून बंद करायचा नाही. रिमोटनं झोपवला तर चालतो, वेळ झाली की तो आपण होऊन जागा होतो. टीव्ही मात्र खुशाल बंद ठेवा. टेप करण्याचं काम बॉक्सचं असतं, टीव्हीचा त्यात संबंध नाही. वीज गेली तर टेप होत नाही. त्याला इलाज म्हणजे तोच कार्यक्रम पुन्हा दाखवतात तेव्हा पकडायचा, नाहीतर दोन वेगळ्या वस्त्यांवरच्या घरांत टेप करायचा. जोराचा पाऊस असला की छत्रीला कार्यक्रम नीट मिळत नाही, चित्राचे चौकोन चौकोन होतात. टेपमध्येही तसेच चौकोन येतात. जे छत्रीला मिळालं नाही ते पेन ड्राइव्हवर कुठून येणार?

रिमोट कोणाच्या हातात?

खरी अडचण इथे आहे, बायांनो. साध्या बॉक्सवर एक वाहिनी टेप होत असताना दुसरी बघता येत नाही. तुम्ही शेळीपालन टेप करायला लावलंय आणि मालकांना क्रिकेट बघायचंय. त्यांनी वाहिनी बदलली की बॉक्स विचारतो, 'रेकॉर्डिंग बंद करू का?' ते हो दाबतात आणि आपलं टेप तिथेच संपतं. आमच्याकडे असं तीनदा झालं.

मग आम्ही बैठकीत मार्ग काढला. प्रत्येक आठवड्याला एक घर ठरवलं. त्या घरात आधी सांगून ठेवायचं की अमुक दिवशी सहा ते साडेसहा बॉक्सला हात लावायचा नाही. बॉक्सवर चिठ्ठीही चिकटवतो. एका घराला पाच-सहा आठवड्यांतून एकदाच अर्धा तास सोडावा लागतो, त्यामुळे भांडण होत नाही. आमच्या एका आजी एकट्या राहतात. त्या म्हणाल्या, "माझ्याच घरी लावत जा, मला कोण विचारतंय?" पण सगळा भार त्यांच्यावर टाकायचा नाही असं आम्ही ठरवलं. घराघरातून तो अर्धा तास मागून घेणं, हेही गटाचंच काम आहे.

खाच नसेल तर आवाज टेप करा

जुना बॉक्स असला तरी अडून राहू नका. शेतीच्या, आरोग्याच्या कार्यक्रमात निम्म्याहून जास्त काम बोलण्याचंच असतं. आवाज टेप करायचं छोटं यंत्र मिळतं, त्याला व्हॉइस रेकॉर्डर म्हणतात. ते नसेल तर साध्या मोबाइलमध्येही आवाज टेप करायची सोय बहुधा असते. टीव्हीच्या आवाजाच्या जाळीपासून हातभर अंतरावर ठेवा. अगदी चिकटवून ठेवलं तर आवाज फाटतो. मधे टॉवेलची घडी घालून त्यावर ठेवा, म्हणजे टेबलाची थरथर येत नाही. पंखा बंद करा, दार लोटून घ्या. आधी एक मिनिट टेप करून ऐका आणि मगच पुढे जा.

यापेक्षा चांगला उपाय वायरचा. बॉक्सच्या मागे पिवळं, पांढरं आणि लाल अशी तीन गोल छिद्रं असतात. पिवळं चित्राचं, पांढरं आणि लाल आवाजाचं. पांढऱ्या-लाल छिद्रांतून रेकॉर्डरला जाणारी वायर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. मात्र रेकॉर्डरला 'लाइन' असं लिहिलेलं छिद्र असेल तर त्यातच घाला. माइकचं छिद्र बारीक आवाजासाठी असतं. त्यात बॉक्सचा जोरदार आवाज घातला तर फाटकं ऐकू येतं. वायरनं टेप केलं की घरातली भांडी, पोरं, कुत्री काही त्यात येत नाही.

आवाजाला जागाही थोडी लागते. नेहमीच्या चांगल्या प्रतीचा एक तासाचा आवाज ६० एमबीच्या आत मावतो. म्हणजे १६ जीबीच्या कार्डावर अडीचशे तासांहून जास्त. खुरपताना, शेंगा फोडताना ऐकता येतं.

टेप केलेल्याचं काय करायचं?

टेप करून पेन ड्राइव्ह डब्यात ठेवला तर तो कार्यक्रम चुकल्यासारखाच. आम्ही महिन्याच्या बैठकीत वसुली आणि नोंदी झाल्या की एक कार्यक्रम लावतो. पहिल्यांदा सलग बघतो. दुसऱ्यांदा जिथे आकडा येतो तिथे थांबवतो. किती मात्रा, किती पाण्यात, किती दिवसांनी, कोणत्या महिन्यात. एक जण मोठ्यानं म्हणते, लेखनिक वहीत लिहिते. दोघींनी वेगळं ऐकलं तर मागे घेऊन पुन्हा लावतो. भांडायची गरजच उरत नाही. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांना याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. त्यांच्यासाठी टेप हीच वही.

वहीत कार्यक्रमाचं नाव, वाहिनी आणि टेप केल्याची तारीख लिहायची. तारीख का, तर योजनेच्या अटी बदलतात, अर्जाची मुदत संपते, भाव बदलतात. दोन वर्षांपूर्वीच्या टेपवर विसंबून कोणी अर्ज करू नये. लसीचं आणि औषधाचंही टेपवर ऐकलं की आपल्या डॉक्टरांना विचारूनच करायचं. आता निदान काय विचारायचं ते तरी आपल्याला माहीत असतं.

कायद्याचंही सांगते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा खरोखर शिकवण्यासाठी प्रसारित कार्यक्रम टेप करायला मुभा आहे. पण त्याच्या नकला विकणं, मोबाइलवरून गावभर वाटणं, इंटरनेटवर टाकणं हे करायचं नाही. म्हणूनच मी आज इथे रेडिओवर एखादा टेप केलेला कार्यक्रम तुम्हाला ऐकवत नाहीये, नुसतं सांगतेय.

वेळ कोणाची?

आपल्या देशात उपग्रहावरून खेड्यात टीव्ही पहिल्यांदा आला तो १९७५ च्या ऑगस्टमध्ये. वर्षभराचा प्रयोग होता, त्याचं नाव 'साइट'. अमेरिकेचा उपग्रह होता. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत सार्वजनिक टीव्ही बसवले होते. आपलं राज्य त्यात नव्हतं. शेती, आरोग्य, कुटुंब नियोजन असे चांगले विषय असायचे. पण ठरल्या वेळी टीव्हीपुढे येऊन बसेल त्यालाच ते मिळायचं. उपग्रह मोठा असो की लहान, वेळ त्यानं ठरवायची आणि आपण जुळवून घ्यायची, असंच चालत आलं. आणि बाईची संध्याकाळ तर तिची नसतेच.

टेप केलं की वेळ आपण ठरवतो. दुपारी दोन वाजता, भांडी घासून झाल्यावर, सगळ्या जणी मिळून. मधे कोणाचं पोर रडलं तर थांबवायचं, ते गप्प झालं की पुढे चालू करायचं.

त्या ताईंचं कर्ज गेल्या वर्षी फिटलं. उरलेल्या दोन शेळ्यांच्या आता सात झाल्यात. यंदा मे महिन्यात सगळ्यांना लस दिली आणि चौदाव्या दिवशी बैठक नसतानाही त्या माझ्या दारात उभ्या. म्हणाल्या, "चला, दवाखान्यात जायचंय. दुसरा डोस आहे."

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना घरचा रिमोट घेऊन या. आर, ई, सी बटण कोणाच्या रिमोटवर आहे आणि कोणाच्या नाही, ते मिळून बघू. एका गावात असं एक बटण सापडलं तरी पुरे. नमस्कार.